शिकोकूत नवीन आहात? मग तुमचे खासदार आधी मोजून घ्या

मी जपानच्या शिकोकू बेटावर, ताकामात्सुला राहायला आले तो सप्टेंबर २०१७ चा शेवट होता. ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी आठच्या ठोक्याला खिडकीखालून पांढरी गाडी गेली. टपावर कर्णे, काचेतून बाहेर हलणारे पांढरे हातमोजे आणि एकाच आडनावाचा जप. आश्वासन नाही, विरोधकावर टीका नाही. आडनाव आणि 'ओनेगाइ शिमासु', म्हणजे 'विनंती आहे'. पुन्हा आडनाव आणि 'ओनेगाइ शिमासु'. बारा दिवस हे चाललं. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी सहज विचारलं, आपल्याकडे कोण जिंकलं? सहकारी म्हणाला, "हिराइ-सान जिंकले." आणि कॉफीचा घोट घेऊन पुढे, "ओगावा-सान पण गेले संसदेत."

एक जागा, दोन उमेदवार, आणि दोघंही खासदार! मला वाटलं माझं जपानी कच्चं आहे. जपानी कच्चं होतंच, पण तो खरं बोलत होता. हे कोडं सोडवताना इथल्या निवडणुकीची घडी हळूहळू कळत गेली. शिकोकूत नोकरीला, शिकायला किंवा लग्न होऊन आलेल्या मराठी माणसाला ती पटकन कळावी म्हणून हे टप्पे लिहिते आहे. मत आपल्याला नाही, पण कर आपण भरतो, मुलं इथल्या शाळेत जातात. आपल्या भागाच्या वतीने तोक्योत कोण बसतं हे ठाऊक असलेलं बरं.

पहिली पायरी: चार केन आणि त्यांचे आकडे

पुण्यातल्या पु. ल. देशपांडे उद्यानाला पुणे-ओकायामा मैत्री उद्यान असंही म्हणतात. त्या ओकायामाहून मरीन लायनर गाडी पकडली की तासाभरात सेतोचा समुद्र ओलांडून ताकामात्सु येतं. शिकोकू म्हणजे 'चार देश'. आज तिथे चार केन आहेत. केनला आपण जिल्हा म्हणावं की राज्य, यावर वाद घालण्यापेक्षा केनच म्हणू. २०२० च्या जनगणनेत एहिमे १३ लाख ३५ हजार, कागावा साडेनऊ लाख, तोकुशिमा ७ लाख २० हजार आणि कोची ६ लाख ९२ हजार. सगळं मिळून जेमतेम ३७ लाख. २०११ साली एकट्या पुणे जिल्ह्यातच ९४ लाखांवर माणसं होती. हे आकडे वहीत लिहून ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण या आकड्यांचंच आहे. त्यातले तोकुशिमा आणि कोचीचे जरा ठळक लिहा.

दुसरी पायरी: दोन सभागृहं वेगळी ठेवा

जपानच्या संसदेचं नाव कोक्काइ. कनिष्ठ सभागृह शूगीइन: ४६५ जागा, मुदत चार वर्षं, पण पंतप्रधान मध्येच विसर्जित करतात, त्यामुळे चार वर्षं पुरी होणं दुर्मीळच. वरिष्ठ सभागृह सांगीइन: २४८ जागा, मुदत सहा वर्षं, दर तीन वर्षांनी निम्म्या जागांची निवडणूक, विसर्जन नाही.

आपली गल्लत होते ती इथे. वरिष्ठ म्हटलं की आपल्या डोक्यात राज्यसभा येते, आमदारांनी मागच्या दाराने पाठवलेली. सांगीइन तशी नाही. तिथेही सामान्य मतदारच थेट मत देतो. आणि दोन्ही सभागृहांत प्रत्येक मतदाराची दोन-दोन मतं असतात: एक मतदारसंघाचं, एक प्रमाणशीर यादीचं. म्हणजे 'तुमचा खासदार कोण' या प्रश्नाची किमान चार उत्तरं झाली.

तिसरी पायरी: तुमचा शोसेन्क्योकु शोधा

शूगीइनच्या ४६५ पैकी २८९ जागा एका जागेच्या मतदारसंघांच्या. त्याला शोसेन्क्योकु म्हणतात, 'लहान मतदारसंघ'. आपल्या लोकसभेसारखंच: ज्याला सर्वाधिक मतं तो निवडून आला. केनचं नाव आणि क्रमांक एवढंच मतदारसंघाचं नाव. कागावा-१, एहिमे-२. गावाचं नाव नसल्यामुळे नवख्याला काही बोध होत नाही, हा यातला वैताग.

शिकोकूत असे दहा मतदारसंघ आहेत: कागावा ३, एहिमे ३, तोकुशिमा २, कोची २. १९९४ च्या कायद्याने ही पद्धत आली तेव्हा तेरा होते. २०१४ च्या निवडणुकीपासून तोकुशिमा आणि कोचीचे तीनाचे दोन झाले. मग २०२२ च्या फेररचनेत एहिमेची चौथी जागा गेली आणि २०२४ ची निवडणूक नव्या नकाशावर झाली. गेलेल्या जागा तोक्यो, कानागावा अशा गर्दीच्या ठिकाणी सरकतात. आपल्याकडे राज्याराज्यांतलं लोकसभेच्या जागांचं वाटप १९७१ च्या जनगणनेवर गोठलेलं आहे. इथे दर दहा वर्षांनी कात्री चालते. सरासरी काढली तर शिकोकूत पावणेचार लाख माणसांमागे एक शोसेन्क्योकु. महाराष्ट्रात २०११ च्या लोकसंख्येने तेवीस लाखांमागे एक लोकसभा खासदार.

जागा वाटायची रीत अमेरिकेच्या एका जुन्या राष्ट्राध्यक्षाच्या नावाने ॲडम्स पद्धत म्हणून ओळखली जाते. प्रत्येक केनच्या लोकसंख्येला एकाच ठरावीक संख्येने भागायचं आणि अपूर्णांक कितीही छोटा असो, वरच्या पूर्णांकाला न्यायचं. कागावाचा भागाकार दोनाहून किंचित जास्त आला, म्हणून तीन जागा. एहिमेचा तीनच्या आत राहिला, म्हणून त्यालाही तीनच. साडेनऊ लाखांनाही तीन आणि तेरा लाखांनाही तीन! एहिमेतल्या मात्सुयामाची माणसं यावर कपाळाला आठ्या घालतात, आणि त्यांचं चुकत नाही. एक बारकावा आपल्यासाठी: हा भागाकार फक्त जपानी नागरिकांच्या संख्येचा असतो. आपण त्या हिशेबातही नाही.

आता तुमचं घर कुठे पडतं ते पाहा. एहिमे सोपं: मात्सुयामा म्हणजे एहिमे-१, इमाबारी, साइजो, निइहामाचा पूर्वेकडचा पट्टा एहिमे-२, उवाजिमा, ओझुकडचा दक्षिण-पश्चिम भाग एहिमे-३. तोकुशिमात तोकुशिमा शहर आणि आनानकडची दक्षिण बाजू पहिल्यात. नारुतोपासून योशिनो नदीच्या काठाने मियोशीच्या डोंगरापर्यंतचा भाग दुसऱ्यात. कोचीत ढोबळ मानाने पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग, आणि कोची शहराचे मधोमध दोन तुकडे.

खरी गंमत कागावात. ताकामात्सुचा पत्ता आहे म्हणजे कागावा-१ असं धरून चालू नका. मुरे, आजी, कोकुबुन्जी ही गावं २००५-०६ च्या सुमारास ताकामात्सु शहरात विलीन झाली, पण मतदारसंघाच्या रेषा त्याआधीच्या. त्यामुळे आजीच्या दगडखाणी, मुरेतलं शिल्पकार इसामु नोगुचींच्या स्टुडिओचं संग्रहालय आणि कोकुबुन्जीच्या बोन्साइच्या वाड्या पत्त्याने ताकामात्सु शहरात आणि मताने कागावा-२ मध्ये. उलट नाओशिमा बेट पाहा: ओकायामाच्या उनो बंदरापासून फेरीबोटीने वीस मिनिटांवर, ताकामात्सुहून बरंच लांब, पण ते कागावाचं आणि कागावा-१ चं. मारुगामेचेही असेच दोन तुकडे आहेत. म्हणून पोस्टाच्या पिनवरून अंदाज बांधू नका. तुमच्या शहराच्या निवडणूक मंडळाच्या, म्हणजे सेन्क्यो कान्री इइन्काइच्या संकेतस्थळावर मोहल्ल्याच्या नावानिशी यादी असते. मोहल्ल्याचं नाव कान्जीत, म्हणजे चिनी अक्षरांत, कसं लिहितात ते वीजबिलावर मिळेल.

कागावा-२ ची एक ओळख लक्षात ठेवा. डेमोक्रॅटिक पार्टी फॉर द पीपल या पक्षाचे प्रमुख तामाकी युइचिरो यांचा हा मतदारसंघ. २००९ पासून ते इथूनच निवडून येत आले आहेत. टीव्हीवर ते दिसले की शिकोकूतल्या उदोनच्या दुकानात कुणीतरी मान वर करतंच.

चौथी पायरी: सहा जागांचा हिरेइ

शूगीइनच्या उरलेल्या १७६ जागा प्रमाणशीर, म्हणजे हिरेइ. त्यासाठी देशाचे अकरा विभाग केलेत आणि शिकोकूचा विभाग त्यात सर्वांत छोटा: सहा जागा. इथे मतदार पक्षाचं नाव लिहितो. जागा वाटताना पक्षाच्या मतांना १, २, ३ असं भागत जायचं आणि येणाऱ्या सगळ्या भागाकारांतले सर्वांत मोठे सहा निवडायचे.

वहीत करून पाहा, आकडे माझ्या मनाचे. अ पक्षाला ५ लाख, ब ला ३ लाख, क ला १ लाख ६० हजार, ड ला १ लाख ४० हजार. अ चे भागाकार ५ लाख, अडीच लाख, १ लाख ६७ हजार. ब चे ३ लाख आणि दीड लाख. क चा १ लाख ६० हजार. झाल्या सहा जागा: अ ३, ब २, क १. ड ला शंभरात जवळजवळ तेरा मतं मिळून भोपळा! विभाग लहान की छोट्या पक्षाचं मरण, हे शिकोकूत जितकं स्पष्ट दिसतं तितकं तोक्योत दिसत नाही.

आता माझ्या सहकाऱ्याच्या कोड्याकडे. शोसेन्क्योकुत उभा असलेला उमेदवार त्याच वेळी हिरेइच्या यादीतही राहू शकतो. पक्ष यादीत अनेकांना एकाच क्रमांकावर ठेवतात. त्यातले जे शोसेन्क्योकुत पडले त्यांच्यात पुढे कोण, हे ठरवतं सेकिहाइरित्सु, म्हणजे 'किती थोडक्यात पडला' त्याचं प्रमाण. विजेत्याला ८० हजार आणि तुम्हाला ७६ हजार, तर ९५ टक्के. शेजारच्या मतदारसंघात विजेत्याला एक लाख आणि तुमच्या पक्षमित्राला ९० हजार, तर त्याचे ९० टक्के. मित्राला तुमच्यापेक्षा चौदा हजार मतं जास्त, तरी संसदेत तुम्ही जाल. मात्र वैध मतांच्या एक दशांशाहून कमी मतं पडून अनामत जप्त झाली असेल तर हा मागचा दरवाजा बंद. अनामतही थोडीथोडकी नाही, शोसेन्क्योकुसाठी तीस लाख येन.

२०१७ साली कागावा-१ मध्ये हिराइ ताकुया जिंकले आणि ओगावा जुनया हिरेइतून वर आले. २०२१ ला पारडं फिरलं: ओगावा जिंकले, हिराइ हिरेइतून आले. मतदार बदलला, निकाल बदलला, माणसं तीच दोन. अशा खासदारांना जपानी लोक चेष्टेने 'झोंबी गिइन' म्हणतात, मेलेले परत उठलेले. मला ही चेष्टा थोडी अन्यायाची वाटते. चार-पाच टक्क्यांनी पडलेल्याच्या मागेही निम्मं शहर असतं.

पाचवी पायरी: सांगीइन आणि गोकूचं दुखणं

इथे जरा सावकाश वाचा. शिकोकूच्या राजकारणात खरी कळ इथे आहे.

सांगीइनमध्ये १४८ जागा मतदारसंघांच्या आणि १०० प्रमाणशीर. शूगीइनसारखे विभाग नसून ही प्रमाणशीर यादी अख्ख्या देशाची एकच असते. मतदारसंघ मात्र केनवार. कितीही लहान असला तरी प्रत्येक केनचा निदान एक माणूस दर खेपेला निवडून येणार, ही कित्येक दशकांची वहिवाट. पण लोकसंख्या शहरांकडे धावली आणि मतांची किंमत विषम झाली. २०१० च्या निवडणुकीत सर्वांत वजनदार आणि सर्वांत हलक्या मतात पाच पटींचा फरक होता. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला घटनाबाह्य स्थिती म्हटलं. २०१३ च्या निवडणुकीबद्दलही २०१४ मध्ये तेच ऐकवलं. पुढे संसदेने काहीतरी करणं भागच होतं.

२०१५ च्या जुलैत कायदा बदलला. देशातले सर्वांत कमी लोकसंख्येचे चार केन म्हणजे तोत्तोरी, शिमाने, कोची, तोकुशिमा, आणि योगायोगाने ते दोन-दोन शेजारी. तोत्तोरी-शिमानेचा एक मतदारसंघ झाला, तोकुशिमा-कोचीचा एक. याला म्हणतात गोकू, जोडलेला मतदारसंघ. पाचवा लहान केन फुकुइ, त्याच्या शेजारी जोडायला तितका लहान कुणी नव्हता, म्हणून तो सुटला. फरक पाच पटींवरून तीन पटींच्या आसपास आला आणि २०१७ मध्ये न्यायालयाने मान डोलावली. कागावा आणि एहिमे मात्र स्वतंत्रच राहिले, दर खेपेला एकेक जागा.

नकाशावर तोकुशिमा आणि कोची एकमेकांना चिकटलेले दिसतात, पण मध्ये डोंगर आहेत. आगगाडीने जायचं तर आवा-इकेदाला गाडी बदलावी लागते. कोचीचा माणूस नानपू एक्स्प्रेसने ओकायामाला जातो. तोकुशिमाचा माणूस आकाशी पुलावरून बसने कोबे-ओसाकाला जातो, तिकडचे टीव्हीचे कार्यक्रम बघतो. एकाच्या घरी पेपर येतो तो तोकुशिमा शिम्बुन, दुसऱ्याच्या घरी कोची शिम्बुन. एका केनचा उमेदवार दुसऱ्या केनला कळणार कसा? सतरा दिवसांचा प्रचार आणि दोन केन. पांढरे हातमोजे कितीही हलवले तरी पुरे पडत नाहीत.

परिणाम पहिल्याच खेपेला दिसला. २०१६ च्या जुलैत कोचीत ४५.५२ टक्के मतदान झालं, देशात सर्वांत कमी. तोकुशिमा खालून दुसरा. कोचीत अवैध मतांचं प्रमाणही देशात सर्वाधिक निघालं. काही चिठ्ठ्यांवर उमेदवाराच्या नावाच्या जागी 'गोकू हान्ताइ' लिहिलेलं होतं, गोकूला विरोध. २०१९ ला नीचांकाचा मान तोकुशिमाकडे गेला: ३८.५९ टक्के, देशाची सरासरी ४८.८० असताना. मग २०२३ च्या ऑक्टोबरात इथे पोटनिवडणूक लागली. उभे राहिलेले दोघंही कोचीचे. कोचीत चाळीस टक्के लोक मतदानाला आले, तोकुशिमात २३.९२ टक्के. चारातला एकही धड आला नाही! निवडून आले अपक्ष हिरोता हाजिमे.

कोचीला हे जास्त का झोंबतं, त्याला इतिहास आहे. जपानमधली लोकहक्क चळवळ ज्या तोसा प्रांतात फोफावली तो तोसा म्हणजेच कोची. चळवळीचे नेते इतागाकी ताइसुके तिथलेच. तिथल्याच कुसुनोसे किता या विधवेने १८७८ मध्ये विचारलं, घराची कर्ती म्हणून कर मी भरते, मग मत का नाही? दोन वर्षांनी तिच्या भागात, कामिमाचीत, स्त्रियांना स्थानिक निवडणुकीत मत मिळालंही, आणि चारेक वर्षांत काढून घेतलं गेलं. साऱ्या जपानी स्त्रियांना संसदेसाठी मत द्यायला १९४६ उजाडावं लागलं. असा वारसा सांगणाऱ्या केनला 'तुमचा माणूस आता निम्मा' असं कुणी सांगितलं, तर तो गप्प बसेल का? तोकुशिमाचाही अभिमान काही कमी नाही. मिकी ताकेओ १९३७ पासून १९८८ ला मरेपर्यंत सलग निवडून येत राहिले, मध्ये १९७४ ते ७६ पंतप्रधान होते, ते याच केनचे.

मी सुरुवातीला कोचीकरांच्या बाजूने होते. नंतर राज्यघटनेचं ४३ वं कलम वाचलं: दोन्ही सभागृहांचे सदस्य सर्व जनतेचे प्रतिनिधी. केनचे नाहीत. मग तोक्योच्या मतदाराचं मत तीन-पाच पटींनी हलकं का असावं, याला उत्तर सापडत नाही. पण त्याच वेळी रिकाम्या होत चाललेल्या डोंगराळ गावात आणखी एक दार बंद झालं, हेही दिसतं. २०१८ मध्ये सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाने प्रत्येक केनला निदान एक जागा मिळावी अशी घटनादुरुस्ती सुचवली. घटना काही अजून बदललेली नाही. माझं मत आज कोचीकडे झुकतं, उद्या तोक्योकडे. एवढं कबूल करून पुढे जाते.

सहावी पायरी: तोकुतेइवाकु, म्हणजे पडद्यामागची सोय

सांगीइनच्या देशव्यापी यादीत एरवी क्रम नसतो. मतदार पक्षाचं किंवा यादीतल्या उमेदवाराचं नाव लिहितो आणि ज्याला जास्त वैयक्तिक मतं तो पुढे. २०१८ मध्ये यात 'तोकुतेइवाकु', विशेष कोटा, घुसवला: पक्षाला वाटलं तर काही जणांना यादीत सर्वांत वर बसवता येतं, मतं कितीही पडोत. कारण उघड होतं. गोकूत ज्या केनच्या माणसाला उमेदवारी मिळाली नाही, त्याची इथे भरपाई.

दोन निवडणुका शेजारी ठेवून पाहा. २०१९ ला गोकूत लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार कोचीचा, ताकानो कोजिरो. विशेष कोट्यात तोकुशिमाचे मिकी तोरु. २०२२ ला गोकूत तोकुशिमाचे नाकानिशी युसुके. कोट्यात कोचीचे काजिहारा दाइसुके. एकाला पुढचं दार, दुसऱ्याला मागचं, पुढच्या खेपेला अदलाबदल. आपल्या गावाकडे सरपंचपद अडीच-अडीच वर्षं वाटून घेतात, त्याची आठवण झाली. याच सोयीचा वेगळा वापर २०१९ मध्ये रेइवा शिनसेनगुमी या छोट्या पक्षाने केला: गंभीर शारीरिक अपंगत्व असलेल्या दोघांना वरच्या जागा दिल्या आणि दोघंही सांगीइनमध्ये पोहोचले. सोय एकाने आपल्या पोटासाठी केली, खाल्ली दुसऱ्यानेही.

सातवी पायरी: मतदानाच्या काळात डोळे उघडे ठेवा

नाक्यावर लाकडी फळा उभा राहतो, त्यावर क्रमांक घातलेले चौकोन. प्रत्येक उमेदवाराचं पोस्टर त्याच्याच चौकोनात, ठरलेल्या मापाचं. ताकामात्सुत मी भाजी आणायला जायचे त्या रस्त्यावर असा फळा होता. फळ्यावर नऊ चौकोन आणि पोस्टरं तीन. बाकी रिकामे चौकोन बारा दिवस पावसात भिजत उभे.

दारावर मत मागायला कुणी येणार नाही. घरोघर फिरून प्रचाराला कायद्याने बंदी आहे. हे ऐकून माझ्या सांगलीच्या काकांना धक्काच बसला. उमेदवाराच्या कार्यालयात गेलात तर चहा आणि त्याबरोबरची साधी बिस्किटं मिळतील. जेवण घालणं गुन्हा.

मतदार जातो तो बहुधा प्राथमिक शाळेच्या व्यायामशाळेत. सकाळी सात ते रात्री आठ ही साधारण वेळ, पण डोंगरातल्या गावांत केंद्रं लवकर बंद होतात. कागावातल्या इबुकी बेटासारख्या ठिकाणी मतदानच आधी उरकतात, पेटी बोटीने वेळेवर पोहोचावी म्हणून. केंद्रावर पहिल्या आलेल्या मतदाराला रिकामी पेटी आत डोकावून दाखवतात. त्या पहिल्या नंबरासाठी पहाटेपासून उभे राहणारे हौशी लोक आहेत.

मतपत्रिकेवर चिन्ह नाही, बटण नाही. कोऱ्या चौकटीत उमेदवाराचं नाव स्वतःच्या हाताने, पेन्सिलीने लिहायचं. म्हणून तर बारा दिवस तो आडनावाचा जप! आणि म्हणूनच पोस्टरवर अवघड कान्जी टाळून नाव सोप्या हिरागाना लिपीत छापतात. माझ्या शेजारच्या आजींनी एकदा हे हातात काल्पनिक चिठ्ठी धरून करून दाखवलं: नाव लिहिलं, घडी घातली आणि बोटं सोडली. "आत पडली की आपोआप उलगडते," म्हणाल्या. कागद नसून तो युपो नावाचा प्लास्टिकचा पातळ तक्ता असतो, घडी टिकतच नाही. मोजणाऱ्यांचा उलगडायचा वेळ वाचतो.

हाताने लिहायचं म्हटल्यावर घोळ आलेच. एकाच आडनावाचे दोन उमेदवार असले आणि कुणी नुसतं आडनाव लिहिलं, तर ते मत बाद होत नाही. बाकीच्या मतांच्या प्रमाणात दोघांत वाटलं जातं. याला आनबुन म्हणतात. त्यामुळे निकालाच्या तक्त्यात मतांच्या आकड्यापुढे दशांश चिन्ह दिसलं तर छपाईची चूक समजू नका. २०२१ मध्ये तर दोन पक्षांनी हिरेइसाठी एकच संक्षिप्त नाव नोंदवलं, 'मिनशुतो'. तसं लिहिलेली मतं दोघांत वाटावी लागली. इतक्या काटेकोर देशात हे कसं चालवून घेतात, मला अजून नवल वाटतं.

शूगीइनच्या दिवशी तिसरा कागदही मिळतो: सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची छापील नावं. जो नको त्याच्यावर फुली. कोरा ठेवला तर मान्य. आजवर यातून एकही न्यायाधीश घरी गेलेला नाही.

आठवी पायरी: आपण कुठे बसतो

परदेशी नागरिकाला, कायमचा रहिवासी असला तरी, संसदेच्या निवडणुकीत मत नाही. राजकीय देणगीही देऊ नका. परदेशी माणसाकडून ती घेणं कायद्याने मना आहे आणि घेणारा अडचणीत येतो. ऑफिसातल्या मित्राने पक्षाच्या निधी-समारंभाचं तिकीट पुढे केलं तर हसून नाही म्हणा. जपानी नागरिकत्व घेतलं तर सगळे हक्क मिळतात, भारताचं मात्र सोडावं लागतं. त्या वाटेने गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये तोक्योच्या एडोगावा वॉर्डाच्या सभेत निवडून आले. तुमची इथे जन्मलेली मुलं जपानी नागरिक असतील तर अठराव्या वर्षी त्यांच्या नावाने मतदानाचं कार्ड घरी येईल. शूगीइनला उभं राहायला पंचवीस आणि सांगीइनला तीस वर्षं पूर्ण लागतात.

निकालाची रात्र मात्र आपली. आठ वाजता मतदान संपतं आणि त्याच मिनिटाला एनएचके अंदाज सांगायला लागतं, पेटीचं झाकणही उघडायच्या आधी. खात्रीच्या उमेदवाराच्या नावापुढे 'तोकाकु' येतं, म्हणजे विजय नक्की. कार्यालयात बान्झाइचा गजर होतो, दारुमा बाहुलीचा कोरा डोळा रंगवतात. कागावा-३ सारख्या ठिकाणी सगळं दहा मिनिटांत आटोपलेलं मी पाहिलं आहे. पण शिकोकूच्या हिरेइची सहावी जागा खरी परीक्षा बघते. आधी सगळ्या शोसेन्क्योकुची मोजणी संपायला हवी, मग सेकिहाइरित्सु निघणार, मग यादीतला कोण वर सरकला ते कळणार. २०१७ ला तर मतदानाच्या दिवशीच वादळ येऊन गेलं होतं. हातात वही, वहीत दहा मतदारसंघांचा तक्ता आणि समोर थंड झालेला चहा असा रात्री दोनपर्यंतचा बेत धरा. आणि सोमवारी सकाळची मीटिंग शक्यतो मंगळवारवर ढकला.